पायरीवरचं नाम

या, थोडं पुढे सरकून बसा, मागच्यांनाही जागा होईल. बुवांच्या पेटीचा सूर लागेपर्यंत एक गोष्ट ऐका. लहानच आहे, पण मनात ठेवण्यासारखी.

शशिकांतच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली आणि त्याच्या हातातल्या ट्रेवरचा पाण्याचा पेला किणकिणला. भर दुपार होती. तारोडीच्या टेकडीवरच्या त्या रिसॉर्टमधले सगळे कामगार पायवाटेच्या कडेला उभे होते. दिव्यांग पाहुण्यांची सेवा कशी करायची, ते शिकवायला इशिता मॅडम आल्या होत्या. सकाळी त्यांनी चाकाच्या खुर्चीचे ब्रेक दाखवले, हाताच्या खुणा शिकवल्या. आंधळ्या माणसाला धरून ओढायचं नाही, आधी विचारायचं आणि मग आपलं कोपर पुढे करायचं, हेही सांगितलं. आता डोळे बांधून स्वयंपाकघराच्या दारापासून खालच्या हिरवळीपर्यंत एकट्याने जायचं होतं. बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नव्हता. परक्या जागी आंधळ्या पाहुण्याला कसं वाटतं ते कळू दे, असं त्या म्हणाल्या.

शशिकांतला ते रोज कळायचं. दिवस मावळला की त्याच्यापुढे काळोखाचा पडदा पडे. रातांधळेपणा आहे, वाढतच जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. हे फक्त त्याच्या बायकोला, मनोरमाला माहीत. खारीगावातल्या भाड्याच्या खोलीत कमावता तो एकटाच. आणि मॅनेजर जितेशने सकाळीच सुनावलं होतं, की आज जो कच्चा निघेल त्याने उद्यापासून यायची तसदी घेऊ नये.

संध्याकाळी हिरवळीवरच्या टेबलांवर जेवण पोचवणं हे शशिकांतचं काम. आजवर ते त्याने पायांच्या भरवशावर निभावलं होतं. त्यात त्या माळ्याचा, धाकूचा ताप. धाकू तारोडीचाच. दिवे लागले की हिरवळीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर येऊन बसे आणि देवाचं नाम घेई. घेई म्हणजे काय, फाटक्या आवाजात ओरडे. शशिकांत कीर्तनवेडा, सुराचा हळवा. एक बेसूर ओळ ऐकली की त्याचं जेवण कडू होई. आणि तो ट्रे घेऊन जवळ आला की धाकू नेमका आवाज चढवी. हा आपल्याला डिवचतो, अशी शशिकांतची खात्रीच झाली होती. देवाला कान आहेत रे, थोडी दया कर, असं त्याने सांगून पाहिलं. शेवटी जितेशच्या कानावर घातलं. जितेशने धाकूला फैलावर घेतलं, नोकरीवरून काढायची भाषा केली. तेव्हापासून धाकू हळू गाऊ लागला. पण थांबला नाही.

शशिकांतच्या आधी रामू जास्वंदीत शिरला होता, ममता खांबावर आदळली होती. आपणही मुद्दाम धडपडायचं, शशिकांतने ठरवलं. सरळ चाललो तर न बघता चालायची सवय उघडी पडेल, पकडले जाऊ. पण हातात ट्रे आला की त्याचे पाय कुणाचं ऐकत नसत. फरशी संपली, खडी लागली. भटारखान्याच्या पंख्याची गरम हवा गालावर येऊन गेली. खालून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला, म्हणजे आता वळायचं. तो वळला.

"मॅडम, काकांची पट्टी लूज बांधलीय," मागून रामू म्हणाला. मॅडमनी त्याला गप्प केलं.

शशिकांत धडपडायचं विसरला होता. आता सगळ्यांना कळणार. जितेशला तर नक्कीच, तो समोरून मोबाईलवर शूटिंग करत होता.

आणि मग पाय थिजले.

इथेच कुठेतरी पायऱ्या होत्या. पण कुठे? या पावलावर की पुढच्या? रोज तो त्या उतरत असे, कधी विचारसुद्धा करावा लागला नव्हता. आज पुढे नुसती पोकळी होती. त्याने पाय उचलला आणि मागे घेतला. ट्रे कलला, पेला सरकला. रोज इथे काहीतरी असायचं. आज ते नव्हतं. काय नव्हतं?

तेवढ्यात त्याच्या पायांजवळून तो फाटका आवाज उठला. "विठ्ठल, विठ्ठल..."

"धाकू, गप. आवाज काढायचा नाही सांगितलंय ना?" जितेश कडाडला.

नाम थांबलं नाही. उलट चढलं.

शशिकांतच्या पायाच्या बोटांना पायरीची कड लागली. तो खाली उतरला. पाण्याचा थेंब सांडला नाही. मग त्याने स्वतःच पट्टी सोडली. पायरीच्या कडेला धाकू बसला होता, रोजच्यासारखा.

"कधीपासून माहीत आहे तुला?" शशिकांतने विचारलं.

"तुमी माज्या पायावर गरम सूप सांडलात," धाकू म्हणाला, "नि वर मनाच बोल्लात, आंधला हाय काय म्हनून. तवाच समजलं."

शशिकांत जितेशकडे वळला. आता लपवायला काही उरलं नव्हतं. अंधार पडला की मला दिसत नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. जितेशने मोबाईल खिशात ठेवायला बराच वेळ घेतला.

"उद्यापासून सकाळच्या नाश्त्याला या, काका," तो अखेर म्हणाला. "आधी सांगायचंत ना."

पायऱ्यांना आता पिवळे पट्टे आहेत. ते धाकूनेच रंगवले, तेही वाकडे. आणि दिवे लागले की तो अजून तिथे बसतो.

तर मंडळी, आता बुवा उभे राहतील, गजर होईल. तुमच्या शेजारचं कुणी बेसूर गात असेल तर त्याला कोपर मारून गप्प करू नका. धाकूची आठवण काढा. ते गाणं कुणाला वाट दाखवत असेल, कुणी सांगावं.