विमानाची पारख

अण्णासाहेबांनी सेकंडहँड जेटच्या चाकावर लाथ मारून पाहिली. त्यांना विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून निवड त्यांच्याच हाती होती.

"साहेब, इतकी विमानं बघून हे एकच काढलंय. इंजिनं ठणठणीत आहेत," कॅप्टन टिपणीस म्हणाले. सौदा ठरला तरच त्यांची साहेबांकडची नोकरी पक्की होणार होती.

"मग घेतलं! नारळ आणा रे."

"साहेब, विमानाच्या नाकावर नको. आत रडार असतं."

"आमचे सगळे ट्रक असेच घेतलेत," म्हणत साहेबांनी नारळ हाणला. नारळ शाबूत राहिला आणि नाकाला वीतभर तडा गेला.

साहेबांनी तड्यावरून बोट फिरवलं.

"नारळाला टिकलं नाही, ते आभाळात काय टिकणार? आणि असला माल पसंत करणाऱ्याच्या हाती मी जीव देऊ होय?"