सुतळीचं माप

एवढी महागडी, हत्तीसारखी उंच गाडी मुद्दाम खाली बसवायची म्हटल्यावर मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "साहेब, कंपनीचं सस्पेन्शन लोण्यासारखं आहे. पोरासोरांची हौस तुम्हाला कशाला?"

गाडीवाल्यानं खिशातून सुतळीचा तुकडा काढला आणि जमिनीपासून दाराच्या दिशेनं सरळ उभा धरला. सुतळी दारापर्यंत पोचलीच नाही.

"आईचा पाय एवढाच उचलतो. हात दिला तरी चिडते. म्हणते, माझी मी चढेन, नाहीतर मला यायचंच नाही."

मिस्त्रीनं जीभ चावली. जुनं सस्पेन्शन काढून त्यानं रिंग फिरवून उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या आणि गाडी बरोबर सुतळीच्या मापाला आणली.

चार महिन्यांनी गाडीवाला पुन्हा आला. सुतळी दोन बोटं आखूड झाली होती. मिस्त्रीनं काही न विचारता चारही रिंगा फिरवल्या.

तिसऱ्या खेपेला गाडी फाटकातून आत येताना दिसली, तसा मिस्त्री पाना घेऊनच उठला. "अजून बोटभर आटे शिल्लक आहेत, साहेब. काढा सुतळी."

"सुतळी नाही आणली. परत वर घ्या, पहिली होती तेवढी. वाकून आईला आत बसवताना माझी पाठ धरते."

"तुम्ही बसवता? अहो, पण त्या चिडतात ना?"

गाडीवाला दाराच्या कडेवरून नुसताच हात फिरवत राहिला.

"आता नाही चिडत."