पाठमोरा फोटो

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे आईचं शिलाईचं दुकान आहे. मामाच्या हळदीसाठी तिने मला ब्लाउज शिवला. पाठीवर बारीक आरसे, एकेक हाताने टाचलेला. मी पाठमोरा फोटो फेसबुकवर टाकला आणि एका मोठ्या ब्रँडला टॅग केलं. आईने शिवलाय लिहिलं असतं तर कोण बघणार होतं?

ब्रँडने तो आपल्या पेजवर शेअर केला. दोन हजार लाइक्स आले. आठवडाभर मी तेच मोजत होते.

मग एक दिवस आईच्या जुन्या गिऱ्हाईक, भावनाताई, दुकानात आल्या. मोबाइलवर तोच फोटो. "वेणूताई, असा हवाय. ब्रँडचा आहे हं, जमेल ना तुम्हाला?"

आईने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिने कपाटातून माझा ब्लाउज काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"हाच हाय तो."

भावनाताईंनी ब्लाउज मोबाइलशेजारी धरला, उलटसुलट करून नीट पाहिला आणि हसल्या.



"कॉपी छान केलीत. पण ब्रँडचं फिनिशिंग ते ब्रँडचंच."