पाचवी आवृत्ती

“सर, आता चार पॉइंट एकोणीस नको. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला सरळ तारीख लावू या, वर्ष आणि महिना,” शिरगावकरांच्या ऑफिसातली ऋजुता म्हणाली. “फक्त एक आहे. एकदा तारीख लावली की पुन्हा पाच नंबर देता येणार नाही. वर्षाच्या आकड्यापुढे पाच लहान, कॉम्प्युटर त्याला जुनं समजेल.”

दूध संस्थांसाठीचं ते सॉफ्टवेअर शिरगावकरांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर लिहायला घेतलं होतं. बायको, उज्ज्वला, शेजारी भाजी निवडत बसायची. “पाचवी आवृत्ती निघाली की आठ दिवस दापोलीला जाऊ,” असं त्यांनीच तिला कबूल केलं होतं. पण मोठा बदल झाल्याशिवाय पाच आकडा द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त. कुठलंच काम त्यांना तेवढं मोठं वाटलं नाही. चार पॉइंट सात, आठ, नऊ असंच चालत राहिलं.

“अहो, तारीख लावा की,” ती हसून म्हणायची. “वर्ष तुम्हाला विचारून बदलत नाही.”

“तारीख दुधाच्या पिशवीवर शोभते,” ते म्हणायचे.

यंदा होळीच्या आधी उज्ज्वला गेली.

“लावू ना, सर?”

त्यांनी मान हलवली. ऋजुतानं बटण दाबलं आणि स्क्रीनवर वर्ष आणि महिना उमटला. एवढंच तर करायचं होतं.

“झालं. आता मोठ्या कामाची वाट बघायला नको,” ती म्हणाली. “तुम्ही आठ दिवस सुट्टी घ्या, सर. इथलं मी बघते.”

शिरगावकरांनी स्क्रीनवरची तारीख पुन्हा वाचली.

“कुठं जाऊ गं आता?”