शेवटचा हंगाम

दर गुरुवारी मी पर्यटकांची गाडी घेऊन फ्रान्समधल्या बर्गंडीत, तेओदूलच्या वाइनच्या तळघरात जाते. तो धूळ बसलेली एक बाटली उघडतो आणि सांगतो, "ही द्राक्षं माझ्या बायकोनं खुडली. तोच तिचा शेवटचा हंगाम." पाहुण्यांचे डोळे भरून येतात आणि माझ्या गाडीत बाटल्यांची खोकी चढतात.

मग सगळे वर जेवायला बसतात. चीज घातलेले गरम पाव वाढायला त्याची बायको ऑनोरीनच असायची. पाहुण्यांना ती स्वयंपाकीण वाटायची. एकदा एक बाई तिच्यापाशीच हळहळल्या.

"फार गुणाची होती हो," ऑनोरीन वाढता वाढता म्हणाली. "नवरा तेवढा खोटारडा."

पाहुणे गेल्यावर ती तेओदूलला म्हणाली, "दर आठवड्याला मारतोस मला. खरंच मेले की काय सांगशील?"

"हेच. पाठ आहे."

या मार्चमध्ये ऑनोरीन गेली. पुढच्या गुरुवारी पाव मी गावातल्या बेकरीतून नेले. तेओदूलनं नेहमीची बाटली उघडली आणि सगळ्यांच्या पेल्यांत ओतली.

"ही द्राक्षं माझ्या बायकोनं खुडली," तो म्हणाला. "ती वर स्वयंपाकघरात आहे. गुडघे दुखतात, म्हणून खाली येत नाही."

पाहुण्यांनी माना डोलावल्या, चव घेतली आणि वाइन चाखण्याच्या रीतीप्रमाणे घोट बादलीत थुंकले.

त्या दिवशी एकही बाटली खपली नाही.