रहिवासी दाखला

तहसील कचेरीसमोर बसून मी वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. राज्यातल्या रहिवाशांसाठी एआयचा मोफत सरकारी वर्ग निघाला, तेव्हा शेजारच्या झेरॉक्सवाल्या उज्ज्वलाचा अर्जही मीच लिहिला. तिचं नाव लागलं, माझं नाही. अख्ख्या तालुक्याला रहिवासी दाखले काढून दिले, स्वतःचा काढायचा राहूनच गेला.

आता ती एआयकडून मिनिटात अर्ज लिहून घेते. माझी गिऱ्हाइकं तिच्याकडे वळली. मी चहासुद्धा तिच्याकडे पाठ करून पितो.

काल तीच आली. "अण्णा, तुमच्या दाखल्याचा अर्ज केलाय. सही करा, पुढच्या वर्गाला तुमचंही नाव लागेल."

चुका काढायला मी चष्मा लावला. एकही सापडली नाही. सही इतकी दाबून केली, की कागद फाटला.

तिने दुसरी प्रत पुढे केली.