गाळणी

"डॉक्टरताई, गाळणी लावलीत ना? ती असली की मला थंडी नाही वाजत."

"हो गं, लावली," मी शाल्मलीला म्हणाले आणि नळीचं टोक पिशवीत खुपसायला उचललं. हे काम सरांनी आज पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवलं होतं.

तिला रक्त चढवताना आम्ही दर वेळी ही गाळणी लावायचो. दुसऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळणीत अडकतात, म्हणून हुडहुडी भरत नाही. आजही मी सवयीने लावली होती.

पण आज पिशवीत रक्त नव्हतं. तिच्या धाकट्या भावाच्या कमरेच्या हाडातून सकाळी काढलेला बोन मॅरो होता. तिचा स्वतःचा आम्हीच औषधांनी जाळून टाकला होता. आता मागे फिरणं नव्हतं. आणि ज्या पेशी तिला जगवणार होत्या, त्याच या गाळणीत अडकल्या असत्या.

टोक अजून पिशवीबाहेर होतं. मी नळी खाली टाकली. सिस्टरांकडे साधी नळी मागितली, तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"काढलीत? आता मला थंडी वाजणार!" शाल्मलीचे डोळे भरून आले.

"वाजली तर मी आहे ना इथे." मी नवी नळी जोडली. पहिला थेंब पडला.

तिने माझा हात धरला. थोडा वेळ धरूनच राहिली. मग पायाजवळची चादर ओढून तिने माझ्या हातावर घातली.

"तुम्हालाच वाजतेय."